मरियमचे नाव लिहा

जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडून गेल्या लग्नसराईत एक दावतनामा आला. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. नवऱ्या मुलाचे नाव सोनेरी अक्षरांत. त्याखाली वडिलांचे, आजोबांचे, तीन चुलत्यांचे आणि दोन मामांचे. 'चश्मबराह' या शब्दाखाली सोळा नावे. त्यांतले एक अजून दूध पिणाऱ्या पुतण्याचे. त्याने म्हणे 'मेरे चाचू की शादी में जरूर आना' अशी विनंतीही केली आहे. नव्हते ते फक्त एक नाव. जिचे लग्न होते तिचे. तिच्या जागी उर्दूत 'दुख्तर-ए-नेक-अख्तर' आणि पुढे बापाचे नाव. मराठीत 'यांची मुलगी' आणि मागे बापाचे नाव. मुलगी आम्हाला ठाऊक होती. तिचे नाव मरियम.

सगळे दावतनामे असे नसतात, हे आम्हाला माहीत आहे. अनेक घरांत मुलीचे नाव आता छापले जाते आणि त्यामुळे कुणावर आभाळ कोसळत नाही. पण बिननावाचे दावतनामेही निघतात, आणि कुणी विचारले तर उत्तर तयार असते : "लडकी का नाम कायकू छापना? गैर मर्दों के हाथ में जाता कागद."

याच मरियमची दुसरी गोष्ट तिच्या आईने आम्हाला सांगितली. ती पहिलीत गेली तेव्हा वर्गातल्या पोरांना तिच्या नावात 'मर' सापडला आणि शेवटी 'यम' सापडला. मग काय विचारता! चार वर्षे तिला त्या नावावरून चिडवले. आई तक्रार घेऊन गेली, तर गुरुजी हसले आणि म्हणाले, "बाई, एखादे मराठी नाव ठेवायचे ना मुलीचे." गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हते, असे त्या माऊलीचेच म्हणणे. म्हणूनच आम्हाला ते जास्त लागले. मनात काही वाईट नसलेल्या माणसालाही मरियम हे मराठी नाव वाटत नाही.

एका बाजूने नाव परके ठरवले, दुसऱ्या बाजूने ते झाकून ठेवले. दोन्हीकडून मुलगी बिननावाचीच राहिली. आमचे म्हणणे साधे आहे. मरियम हे मराठी नाव आहे, आणि ते लिहिले पाहिजे, छापले पाहिजे, चारचौघांत पुकारले पाहिजे. या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यासाठी बाहेरच्यांशी भांडावे लागेल, दुसऱ्या अर्ध्यासाठी घरच्यांशी. बाहेरच्यांशी भांडणे आपल्याला सोपे जाते, म्हणून ते आधी उरकून घेऊ.

गुरुजी ज्या जिल्ह्यात शिकवत होते त्याला 'जिल्हा' म्हणतात, तो शब्द अरबीतून आला. 'तालुका' तिथूनच आला, 'तहसील' तिथूनच. शाळेचा 'दाखला', त्याची 'नक्कल', त्यावरची 'तारीख', नाव बदलायचे तर करायचा 'अर्ज', त्यावर कुणी घेतलीच तर 'हरकत', बाप मेल्यावर सातबाऱ्यावर चढणारे 'वारस' हे सगळे शब्द अरबीतले. ते फारसीचे बोट धरून मराठीत आले आणि मराठी झाले. जुन्या दस्तऐवजांत लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे 'जौजे' लिहितात, तोही त्याच घरचा. शेख-पठाणांच्या बायकांपुढे तो लागतो तसाच देशमुख-पाटलांच्या बायकांपुढेही लागतो. ज्या मराठीला अरबीवाचून साधा अर्ज करता येत नाही, तिला एकटी मरियम परकी कशी वाटते?

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली. ते जन्माने ब्राह्मण; १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे जालना ही त्यांची कर्मभूमी झाली. बेथेल हा हिब्रू शब्द आहे, अर्थ देवाचे घर. जालन्याच्या काळ्या मातीत हिब्रू नावाची वस्ती दीडशे वर्षांच्या आसपास नांदते आहे. वस्तीचे नाव पचते, मग त्याच मुलुखातून आलेले मुलीचे नाव घशात का अडकते?

आणि मरियम मराठी मुलुखात एका दाराने आलेली नाही, चार दारांनी आली आहे. पहिले दार आमच्या दख्खनी घरांचे. कुराणाबरोबर हे नाव आले आणि इथल्या बोलीत त्याला 'बी' लागून मरियमबी झाले. दुसरे दार कोकणातल्या बेने इस्रायल लोकांचे. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले हे यहुदी. त्यांची मायबोली मराठी, आडनावे गावांवरून पडलेली, आणि बायकांच्या बायबलातल्या नावांना 'बाई' लागलेली. मिरियमबाई म्हटले की कोकणातल्या कुणाला दचकायला होत नसे. हे लोक इस्रायलला गेले तरी तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. तिसरे दार पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती वस्त्यांचे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले. त्यात मरियाची कथा मराठी ओवीत आहे, म्हणजे ज्या छंदात ज्ञानेश्वरी आहे त्या छंदात. वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीला तर लोकांनी 'मोत मावली' करून टाकले. चौथे दार पुढच्या काळातल्या मिशनऱ्यांचे. सेरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार निघाला. आजच्या मराठी बायबलात ती 'मरीया' आहे. त्या मिशनच्या वाटेनेच हे नाव बेथेलच्या परिसरातही आले.

मरियमबी, मिरियमबाई, मरियाबाई. नाव एकच. कुणाला 'बी' लागले, कुणाला 'बाई'. हे 'बी' आणि 'बाई' मक्केत लागत नाहीत, जेरुसलेमात लागत नाहीत, रोममध्येही लागत नाहीत. ते इथे लागतात. एखादे नाव या मातीचे झाले याला याहून दुसरा पुरावा कोणता हवा? चारशे वर्षांपूर्वी छापील मराठी काव्यात आलेले नाव आज पटावर अनोळखी ठरते, यात दोष नावाचा नाही, पट वाचणाऱ्याच्या वाचनाचा आहे.

कुणी म्हणेल की मूळ नाव हिब्रू, मग ते सगळ्यांनाच परके. बरोबर आहे, सगळ्यांनाच. हिब्रूत ते मिर्याम. मूसांच्या (अ.स.) बहिणीचे बायबलात तेच नाव. ईसांच्या (अ.स.) आईच्या काळात लोक आरामी बोलत, त्यांच्या तोंडी ते मर्यम होते. ग्रीकांनी मरियाम केले, मग मारिया. लॅटिनने मारिया ठेवले, फ्रेंचांनी मारी केले, इंग्रजांनी मेरी केले, तुर्कांनी मेरयेम केले. अरबी आणि फारसीत ते मर्यम राहिले. मराठी बायबलाने तर गंमतच केली आहे. मूसांची बहीण 'मिर्याम' आणि ईसांची आई 'मरीया'. एकाच नावाच्या दोन बायका वाचणाऱ्याला दोन वेगळ्या नावांच्या वाटतात. कुराणात हजरत मरियमला 'हारूनची बहीण' म्हटले आहे. त्यावरून नजरानच्या ख्रिस्त्यांनी हजरत मुगीरा यांना टोकले होते. त्यांनी परत येऊन विचारले तेव्हा पैगंबरांनी (स.) उलगडा केला, की ते लोक आपल्या नबींच्या आणि नेक माणसांच्या नावांवरून मुलांची नावे ठेवीत. नाव हे असेच पिढ्यान्पिढ्या आणि मुलुखोमुलुख फिरते, हे आपल्याला हदीसनेच सांगितले आहे.

आता गुरुजींना एकच विचारायचे आहे. त्यांच्या वर्गात एखादी मेरी असती तर त्यांनी तिला मराठी नाव ठेवायला सांगितले असते का? आमचा अनुभव सांगतो की नसते सांगितले. मेरी म्हटले की लोकांना कॉन्व्हेंट आठवते, मरियम म्हटले की मोहल्ला. आणि मूळ उच्चाराच्या जवळ कोणती? नाझरेथच्या गल्लीत त्या बाईला कुणी मेरी म्हणून हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिले नसते. आमच्या परतूर-भोकरदनच्या म्हाताऱ्या ज्या सुरात मरियम म्हणतात, त्या हाकेला तिने ओ दिली असती. इंग्रजीच्या रस्त्याने आलेले नाव आधुनिक आणि अरबीच्या रस्त्याने आलेले तेच नाव मागास, ही मोजपट्टी भाषेची नाही, ही माणसे मोजायची पट्टी आहे.

बाहेरच्यांशी भांडण इथे थांबवतो. वाचकहो, इथपर्यंत आपण माना डोलावल्या असतील. आता घरात येऊ.

कुराणात बायका अनेक येतात. आदमची पत्नी येते, फिरऔनची पत्नी येते, मूसांची आई येते, सबाची राणी येते. नावाने येते ती एकच, मरियम. तिचे नाव चौतीस वेळा येते. एकोणिसाव्या सूरहला तिचेच नाव आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमानांचा जथा हबशाला गेला, तेव्हा नजाशी बादशहाच्या भरदरबारात हजरत जाफर यांनी कोणते आयत वाचले? सूरह मरियमचे. ख्रिस्ती बादशहा, त्याचे पाद्री, मक्केचे वकील, सगळे गैर मर्द. त्यांच्यासमोर एका बाईच्या कळा, तिचे एकटेपण, तिच्यावरचा आळ, सगळे नावानिशी वाचले गेले आणि दरबार रडला. त्या जथ्याला आसरा मिळाला तो त्यानंतर. इस्लामच्या पहिल्या मुहाजिरांचा जीव ज्या नावाच्या आडोशाला वाचला, ते नाव आपल्याला छापखान्याच्या कागदावर चालत नाही?

आणि हजरत ईसांना कुराण काय म्हणते? ईसा इब्ने मरियम. मरियमचा मुलगा. एका थोर नबीची ओळख त्याच्या आईच्या नावाने दिली जाते. त्याच हबशाच्या देशात, ज्याला आज इथिओपिया म्हणतात, पुरुष हे नाव आपल्या नावात मिरवतात. तिथे २०१२ ते २०१८ या काळात पंतप्रधान होते त्यांचे नाव हायलेमरियम देसालेन. तिथे पंतप्रधानाला हे नाव जड होत नाही. आपल्याकडे ते ज्या मुलीचे आहे तिलाही मिळत नाही.

कुणी म्हणेल, ही हया आहे, पर्दा आहे. पर्द्यावर वाद घालायची ही जागा नाही. पण नावाला पर्दा कोणत्या किताबात सांगितला आहे ते दाखवा. हजरत अम्र बिन आस यांनी पैगंबरांना (स.) विचारले की आपल्याला सर्वांत प्रिय कोण, तेव्हा पुरुषाने पुरुषाला दिलेले उत्तर होते : आयशा. 'घरवाली' नाही, 'अबूबकर यांची मुलगी' नाही. नाव घेतले. आपल्या निकाहातच पाहा ना. काझीसाहेब मुलीचे नाव बापाच्या नावासह, मेहरच्या रकमेसह, साक्षीदारांसमोर मोठ्याने उच्चारतात, कारण कोणत्या मुलीशी निकाह हे स्पष्ट झाल्याशिवाय तो व्हायचाच नाही. निकाहनाम्यात ते लिहिले जाते. म्हणजे शरीअतला जे नाव लागते, ते आपल्या इभ्रतीला नको असते. ही इभ्रत दीनची नव्हे, बिरादरीची. आपण आपल्या रिवाजाला दीनचा शेरवानी चढवतो आणि मग त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

त्या लग्नात नवऱ्याच्या गळ्यात निशिगंधाचा हार होता. इराणात निशिगंधाला 'गुल-ए-मरियम' म्हणतात. आम्ही जेवताना शेजाऱ्याला हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मंजे नाव गळ्यात चालतं, कागदावर न्हाई."

आता घरातलीच दुसरी खोड. ज्यांनी मुलीचे नाव छापायचे ठरवले, त्यांनी ते 'शुद्ध' करायला घेतले आहे. आजीचे नाव मरियमबी होते, तर नातीला ते 'बी' गावंढळ वाटते. कुणी सांगतो मरियम चूक, मर्यम बरोबर. कुणी सांगतो हे नाव आता फार झाले, एखादे नवे, कुणी न ठेवलेले अरबी नाव शोधा. नाव ठेवणे हा आईबापांचा हक्क आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण आजीच्या नावाची लाज वाटणे हा हक्क नव्हे, तो रोग आहे. पैगंबरांच्या (स.) घरात मिसरहून आलेल्या हजरत मारिया किब्तिया होत्या, त्यांच्या इब्राहिम या मुलाची आई. मारिया हे मरियमचेच किब्ती-ग्रीक वळण. त्यांना कुणी सांगितले नाही की बीबी, तुमचे नाव अशुद्ध आहे, मर्यम म्हणा. मदिनेत मारिया चालली, तर जालन्यात मरियमबी का चालू नये? 'बी' कापून टाकला की आपण अरब होत नाही. आपले मराठीपण, दख्खनीपण तेवढे कापले जाते, आणि मग तेच गुरुजी म्हणायला मोकळे होतात की बघा, हे लोक परकेच.

ही चर्चा नुसत्या अस्मितेची असती तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. आमच्या दादीचे नाव मरियमबी. रेशनकार्डावर ती 'मर्यमबी' होती, मतदार यादीत 'मरीयम बी', आधारवर 'मरीयाबी', आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजीत चौथेच काही तरी. तिचे निराधारांचे अनुदान सात महिने अडले. कार्यालयात तिला विचारले गेले की या चार बायकांपैकी तुम्ही कोण. दादी म्हणाली, "बाबा, मैं तो एकच हूँ, लिखनेवाले चार हैं."

उर्दूत या नावाची चार अक्षरे आहेत. मीम, रे, ये, मीम. दुसरे वळण संभवतच नाही. निजामाच्या राजवटीत आमच्या जिल्ह्याचे दप्तर उर्दूत होते, तेव्हा मरियम एकच होती. दप्तर मराठीत आले तसे ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे नाव फुटू लागले. पुढे ते संगणकावर इंग्रजीत गेले आणि टंकणाऱ्याच्या बोटाप्रमाणे आणखी फुटले. जुन्या नोंदीची किंमत काय असते हे तर आपल्याच जिल्ह्याने महाराष्ट्राला शिकवले. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले आणि निजामकालीन दप्तरात 'कुणबी' हा एक शब्द शोधण्यासाठी सरकारला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमावी लागली. ज्या उर्दूला कालपर्यंत परकी म्हटले जात होते, ती वाचणाऱ्यांची तेव्हा शोधाशोध झाली. त्या आंदोलनाबद्दल कुणाचे मत काहीही असो. एका शब्दावर घराचे भवितव्य ठरते, ही गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली. मग आपल्या आयाबहिणींच्या नावाकडे आपण इतके गाफील का?

आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिकत्व नोंदणीची अंतिम यादी लागली तेव्हा १९ लाखांहून जास्त माणसे बाहेर राहिली. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने अडकलेली माणसे त्यांत होती, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या, बापाशी नाते कागदाने सिद्ध करता न आलेल्या बायका होत्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य कागद झाला आहे. २०२४ साली लाडक्या बहिणींसाठी दरमहा १५०० रुपयांची योजना आली, तिथेही आधार आणि बँक जुळल्याशिवाय पैसा येत नाही. ज्या घरात बाईचे नाव कधी नीट लिहिलेच गेले नाही, त्या घरातली बहीण लाडकी असून उपयोग काय?

नाव लिहिलेले नसले की पुढे काय होते, त्याचेही दाखले आहेत. जहांगीरची आई, आमेरच्या राजा भारमलची मुलगी, इतिहासात 'मरियम-उज-जमानी' म्हणून राहिली. तो किताब. माहेरचे नाव कोणते यावर इतिहासकार आजही वाद घालतात. ती हिंदुस्थानच्या बादशहाची आई, तिची ही गत. आपल्या घराजवळचे उदाहरण घ्या. सावित्रीबाई फुल्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल या काळजीचा. सावित्रीबाईंनी ते नाव लिहिले म्हणून फातिमा आपल्याला मिळाली. आणि उल्लेख तोकडा म्हणून जानेवारी २०२५ मध्ये अशी बाई झालीच नाही, असे सांगायलाही लोक उभे राहिले. आपण त्यांच्यावर संतापलो, निषेध केला, ते योग्यच केले. पण फातिमाचे नाव एका माळ्याच्या लेकीने लिहून ठेवले, आपल्यातल्या कुणी ठेवले नाही, हे मान्य करायची हिंमत किती जणांत आहे? आज दावतनाम्यात 'दुख्तर' छापणारा बाप उद्याच्या संशोधकाला हेच तर सांगतो आहे, की अशी मुलगी झालीच नाही.

एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकवला जातो. पोरांना नोकऱ्या नाहीत, वस्त्यांना पाणी नाही, दिवस असे वाईट, आणि तुम्ही नावाचे काय घेऊन बसलात? सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, महमूदुर्रहमान समितीचा २०१३ साली. दोन्हींचे दाखले आपण भाषणांत देतो. त्या अहवालांतले आकडे कशाचे बनले आहेत? पटावरच्या, यादीवरच्या, कार्डावरच्या नावांचे. जिचे नाव पटावर नाही ती गळतीच्या आकड्यातही येत नाही. हक्काची पहिली पायरी नाव ही आहे. ती चढायला कुणा सरकारची परवानगी लागत नाही, मोर्चा लागत नाही. फक्त बापाने छापखान्यात एक ओळ जास्त सांगायची असते.

उलट सरकार या एका बाबतीत आपल्यापुढे गेले आहे, हे कबूल करायला हवे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावांत महाराष्ट्रात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. निर्णय झाला तेव्हा आपल्यातले काही जण कुरकुरले. कुरकुरायचे काय कारण होते? आईचे नाव लावणे ही आपल्याला नवी गोष्ट आहे? चौदाशे वर्षे आपण ईसा इब्ने मरियम म्हणत आलो. शासनाला जे २०२४ साली सुचले ते आपल्याकडे तिलावतीत होते. आपण ते घोकले, आपल्या घराला लावले नाही.

तेव्हा आमचे मागणे ऐका. दावतनाम्यात मुलीचे नाव छापा, मुलाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. आई-दादींचे कागद एकदा समोर घेऊन बसा, त्यांचे नाव मराठीत कसे लिहायचे ते त्यांनाच विचारून ठरवा, आणि सगळीकडे तेच करून घ्या. 'बी' असेल तर 'बी'सह. ज्या कबरींवर पत्थर आहे तिथे 'अहलिया अमुक' एवढ्यावर भागवू नका, तिचे नाव कोरा. मुलांच्या दाखल्यात आईचे नाव अभिमानाने सांगा. आणि लिहिणाऱ्यांनो, तुम्हालाही सोडत नाही. सोलापूरला १९९० साली मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले, तेव्हापासून आपण म्हणतो आहोत की मराठी आमची आहे. मग आपल्या कथांतल्या बायका 'अम्मी', 'आपा', 'भाभी' एवढ्यावरच का संपतात? त्यांना नावे द्या. मराठी वाचकाच्या कानावर मरियम इतक्या वेळा पडू द्या, की पुढच्या गुरुजींना ती अनोळखी वाटणार नाही.

त्या लग्नाला आम्ही गेलो. जेवलो, दुआ केली. आहेराच्या पाकिटावर रिवाजाप्रमाणे नवऱ्या मुलाचे नाव लिहायचे होते. आम्ही लिहिले : मरियम हिस. पाकिटे घेणारा पोरगा वहीत नोंद करता करता थांबला आणि विचारू लागला, ही कोण? आम्ही म्हणालो, जिचे लग्न आहे ती, लिही. त्याने लिहिले, 'मरीअम'. आम्ही त्याच्याकडून ते दुरुस्त करून घेतले.